घरच्या कार-लिफ्टची मोटर आणि तिचा पंप

मित्रहो, घरच्या गॅरेजमध्ये दोन खांबी लिफ्ट बसवायची ठरली, की पहिला प्रश्न येतो तो मोटर किती हॉर्सपॉवरची घ्यावी, हा. पण मोटर गाडी थेट उचलत नाही. ती पंप फिरवते, पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या दाबाने गाडी वर जाते. म्हणून माझ्या मते त्याआधी पंप एका फेऱ्याला किती तेल पुढे ढकलतो, हे विचारायला हवे.

या लिफ्टवर बहुधा गिअर पंप, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांनी तेल ढकलणारा पंप असतो. गाडी जितकी जड तितका तेलाचा दाब आपोआप चढतो. गाडी किती वेगाने वर जाईल हे मात्र पंपाच्या मापावर आणि मोटरच्या फेऱ्यांवर ठरते. समजा, पंप एका फेऱ्याला २.१ घनसेंटिमीटर तेल देतो आणि मोटर मिनिटाला २,८५० फेरे घेते, तर मिनिटाला सुमारे ६ लिटर तेल सिलिंडरकडे जाते. दाब १५० बार धरला, तर एवढ्याला दीड किलोवॉट लागतात आणि घर्षण, गळती वगैरे धरून २.२ किलोवॉटची, म्हणजे ३ हॉर्सपॉवरची मोटर योग्य ठरते. निम्म्या मापाचा पंप आणि निम्म्या ताकदीची मोटर लावली, तरी तीच गाडी तितकीच वर जाते. फक्त वेळ दुप्पट लागतो. वजन न पेलण्याची भीती इथे अनाठायी आहे. विजेच्या बिलाची चिंताही तशीच, कारण १,५०० किलोची गाडी १.८ मीटर उचलण्याचे काम एका युनिटच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरते आणि मोटर, पंप यांतला तोटा धरूनही फारसा फरक पडत नाही.

खरी अडचण घरातल्या वीजपुरवठ्याची असते. अमेरिकेत गॅरेजमधले नेहमीचे प्लग १२० व्होल्टचे आणि १५ किंवा २० अँपिअरचे असतात, तर तिथल्या विद्युत संहितेच्या तक्त्याप्रमाणे २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर ११५ व्होल्टवर २४ अँपिअर आणि २३० व्होल्टवर १२ अँपिअर घेते. म्हणूनच तिकडचे लोक लिफ्टसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढून घेतात. मात्र तिथले, फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेले पॉवर युनिट (मोटर आणि पंपाचा जोडसंच) इकडे आणून २३० व्होल्टवर जोडले, तर इकडच्या ५० हर्ट्झवर फेरे सहाव्या हिश्श्याने घटतात, शिवाय मोटरच्या लोखंडी गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र वाढून मोटर तापते. मोटरच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलेले नसेल, तर स्वस्त मिळाले तरी ते युनिट घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्याकडे गावाबाहेरच्या बंगल्यांत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज कमी असते, त्यात मीटरपासून गॅरेजपर्यंत लांब आणि बारीक वायर टाकलेली असते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज आणखी पडते. आणि ते ८० टक्क्यांवर आले, तर सुरुवातीचा जोर ६४ टक्केच उरतो. गाडी अर्ध्यावर थांबवून पुन्हा बटण दाबले, की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी लोक कपॅसिटर (सिंगल फेज मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) बदलत बसतात आणि वायर तशीच राहते. थ्री फेज जोडणी असेल, तर थ्री फेज मोटरच घ्यावी. तिला कपॅसिटर आणि वेग आल्यावर तो तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच दोन्ही नसतात.

खाली येताना मोटर बंदच असते. गाडी स्वतःच्या वजनाने तेल मागे ढकलते. वर थांबलेली गाडी मात्र तेलावर सोडू नये. सील झिजले, की तेल झिरपते, म्हणून लिफ्ट थोडी खाली घेऊन दोन्ही खांबांतील लॉकवर टेकवावी आणि मगच गाडीखाली जावे.