दोनशिक्षकी शाळा

(शाळेचं आवार. परिपाठ नुकताच संपला आहे.)

जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. बाईंकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी, आणि मुख्याध्यापकही सरच. शिक्षण हक्क कायद्यात हिशेब दिलेला आहे : पट ६० पर्यंत असेल, तर शिक्षक दोन. वर्ग किती, हे त्या हिशेबात येत नाही.

म्हणजे तिसरीचं गणित घेताना चौथीला स्वाध्याय द्यायचा, चौथीची कविता घेताना तिसरीला पाढे लिहायला बसवायचं. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. हात बसलेल्या शिक्षकाला ते जमतंही. चौथीतली मुलं तिसरीतल्यांना सांगतात, वर्ग चालतो. फक्त दोघंही शिक्षक शाळेत हवेत.

(एका वहीचं पान, जवळून.)

या मुलीची वही पाहा. ५२ वजा २७, उत्तर लिहिलंय ३५. उत्तर चुकलंय, पण ते अंदाजपंचे दिलेलं नाही. सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवलं तर ती मान डोलावेल आणि पुढचं गणितही असंच करेल.

सर तिच्यापाशी खाली बसतात. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. ‘यातल्या सात दे मला.’ ती दोन काड्यांकडे बघते, मग सरांकडे. सर मुद्दाम गप्प. गठ्ठ्याचं रबर तिचं तिनंच सोडायला हवं, आणि त्याला वेळ लागतो.

तेवढ्यात फोन वाजतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर संदेश : ‘तात्काळ. माहिती बारापर्यंत द्यावी. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.’

माहिती कसलीही असते. यू-डायसमधल्या, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या, दुरुस्त्या. आज किती मुलं जेवली, तांदूळ किती शिल्लक. झालेल्या उपक्रमाचे फोटो. आधार न जुळलेल्या मुलांची यादी, आणि ही तर टाळताच येत नाही. कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मुलं कमी मोजली गेली की पद जातं. शाळेला कारकून नाही, शिपाई नाही. सर उठतात.

कायदा याबाबत मुका नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेरच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच म्हटलं. तरी बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून घरोघर फिरणाऱ्यांत शिक्षक आजही दिसतात.

पण खरी मेख वेगळीच आहे. रोजचा वेळ खाणारी बरीचशी कामं ‘अशैक्षणिक’ ठरतच नाहीत. पोषण आहार शाळेचाच, यू-डायस शाळेचंच, फोटोही शाळेच्याच उपक्रमाचे. कलम २७ दाखवून यातलं काय नाकारणार?

(गावातला पार.)

‘पगार बघा की यांचे!’ हे गावात हमखास ऐकू येतं. कायम शिक्षकाचा पगार चांगला असतो, यात वाद नाही. आधीची तीन वर्षं मात्र शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात; प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ पूर्वी ते ६,००० होतं. कामचुकार शिक्षक नाहीतच, असंही कुणी म्हणू नये. पण अशांना या अहवालांचा जाच नाही, उलट आडोसाच मिळतो. माहिती वेळेत गेली की वर्गात काय चाललंय हे विचारायला कोण येतो? जाच होतो काड्या घेऊन खाली बसणाऱ्याला.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, बीडसारख्या जिल्ह्यांत, आणखी एक भर. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघाले की मुलंही निघतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जिथं ती पोहोचत नाही, तिथं शिक्षक घरोघर जाऊन विनवतात, पोर आजीपाशी ठेवा. काही ठेवतात. बाकीची उन्हाळ्याच्या तोंडावर परततात आणि त्याच वर्गात बसतात. तोवर वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला असतो. आता एका खोलीत दोन नव्हे, तीन इयत्ता.

शिक्षकांच्या मोर्चात एक फलक दिसतो : ‘आम्हाला शिकवू द्या.’ यात जनगणनेला नकार नाही. ते काम कायद्यात बसतं, आणि शिक्षक ते पूर्वीपासून करत आले आहेत. प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, वार्षिक परीक्षेच्या जरा आधी. तेव्हा सरांना आदेश आला, तर पहिली ते चौथी चारही वर्ग बाईंकडे. आणि दोघांनाही आला तर?