पफिन बघायला जा, पण दिवस पफिनवरच संपवू नका: स्कोमर बेटावरचे पाच तास

नमस्कार मंडळी! आज आपण बोलणार आहोत स्कोमरबद्दल. वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावरून अगदी समोर दिसणारं हे बेट. क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरपेक्षाही थोडं कमी. २०२५ साली इथे ४३,६२६ पफिन (रंगीत चोचीचे, काळे-पांढरे छोटे समुद्रपक्षी) मोजले गेले, आणि तो इथला विक्रम आहे. साहजिकच, तिकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पफिनसाठी जातो.

जायलाच हवं. पण या बेटावर पफिनपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं दुसराच एक पक्षी राहतो, आणि तुम्ही सकाळच्या बोटीनं जाऊन दुपारी परत आलात तर त्यातला एकही जिवंत पक्षी तुमच्या नजरेला पडणार नाही. तो असतो तुमच्या पायाखाली. त्याच्याकडे येतोच आपण. आधी तिथे पोचायचं कसं, ते बघू.

(स्क्रीनवर नकाशा: मार्टिन्स हेवन ते नॉर्थ हेवन)

बोट सुटते मार्टिन्स हेवन या छोट्याशा खाडीतून. पाण्यावरचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. एप्रिल ते सप्टेंबर या काळातच बेटावर उतरता येतं, आणि सोमवारी एरवी उतरू देत नाहीत. जागा आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. जून महिना हवा असेल तर फार आधी. आणि एक गोष्ट मनाशी धरूनच निघा: उत्तरेचा वारा सुटला की बोट रद्द. कारण साधं आहे. उतरण्याची जागा, नॉर्थ हेवन, उत्तरेलाच तोंड करून आहे, लाटा थेट आत घुसतात. ऊन पडलंय, आकाश निळं आहे, आणि तरी बोट नाही, असं होऊ शकतं. म्हणून त्या भागात एखादा दिवस जास्तीचा हाताशी ठेवा.

कधी जायचं? हे समुद्रपक्षी बेटावर राहत नाहीत. ते राहतात समुद्रावर. जमिनीवर येतात फक्त अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला. तेवढं काम झालं की बेट त्यांच्या लेखी संपलं. एप्रिलमध्ये ते येऊन जागा धरतात. मे महिन्यात निळ्या ब्लूबेल आणि गुलाबी कॅम्पियन फुलांनी उतार भरून जातात, फोटोसाठी सगळ्यात देखणा महिना तो. पण मला विचाराल तर जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा मध्य. तेव्हा पिल्लं बाहेर आलेली असतात, आईबाप दिवसभर मासे वाहत असतात, म्हणजे बघायला घडामोडी असतात. आणि ऑगस्टमध्ये गेलात, तर कडे ओस. पफिन जुलैअखेर निघायला लागतात, काही दिवसांत सगळे गायब.

आता बेटच का? मुख्य कारण म्हणजे इथे घूस-उंदीर नाहीत, कोल्हा नाही, मांजर नाही. जमिनीत बीळ करून एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला चार पायांचा शिकारी म्हणजे सर्वनाश. जगात जिथे जिथे जहाजांबरोबर बेटांवर उंदीर उतरले, तिथे अशा वसाहती उजाड झाल्या. स्कोमरवर ते पोचले नाहीत. उलट मध्ययुगात माणसांनी इथे ससे आणून सोडले, सशांनी सगळं बेट पोखरलं, आणि ती बिळं पक्ष्यांना आयती मिळाली.

म्हणूनच इथला पहिला नियम: आखलेली पायवाट सोडायची नाही. गवतावर एक पाऊल बाजूला टाकलंत तर खाली छत आहे, आणि त्या छताखाली अंड्यावर बसलेला पक्षी आहे. हे छत माणसाच्या वजनानं खचतं. बसायचं तरी वाटेवरच बसा.

बरं, बोटीतून उतरलात. समोर ८७ पायऱ्या. चढताना दोन्ही बाजूंच्या उतारांवर पफिन दिसायला लागतात, आणि इथेच निम्मी गर्दी अडकते. तुम्ही अडकू नका. हे पफिन संध्याकाळपर्यंत कुठे जात नाहीत. वर एक माहितीचं छोटं भाषण होतं, ते ऐका आणि सरळ बेटाच्या दक्षिणेला, द विक नावाच्या जागेकडे चालू लागा. पूर्ण फेरी साधारण साडेसहा किलोमीटरची आहे, हातात तास पाच. वेळ भरपूर आहे, फक्त तो पहिल्या पन्नास मीटरमध्ये खर्च करू नका.

(दृश्य: वाटेवर पडलेले पंख, जवळून)

वाटेत हे दिसेल. दोन लांब काळपट पंख, मधल्या हाडानं अजून एकमेकांना जोडलेले. मांस नाही, डोकं नाही. कातडं मोज्यासारखं उलटं केलेलं. लोक नाक मुरडून पुढे जातात. थांबा. ज्याला आपण बघू शकणार नाही असं मी म्हटलं, तो मँक्स शिअरवॉटर हाच.

२०१८ च्या गणनेत स्कोमरवर याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या निघाल्या. जगातल्या एकूण मँक्स शिअरवॉटरपैकी निम्मे किंवा त्याच्या आसपास या एवढ्याशा बेटावर! आणि दिवसा एक दिसत नाही, कारण जोडीतला एक बिळात अंड्यावर बसलेला असतो आणि दुसरा समुद्रावर दूर कुठेतरी. बदली होते ती रात्री, काळोखात.

काळोखातच का? याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला आहेत. पाण्यात बुडी मारायला उत्तम, जमिनीवर मात्र धड उभंही राहता येत नाही. छातीवर सरपटत जातो बिचारा. आणि बेटावर बसलेला असतो मोठा काळ्या पाठीचा कुरव (सीगल), धिप्पाड. उजेडात सापडला की शिअरवॉटर संपला. तुम्ही वाटेवर जे पंख बघितलेत ते त्याच कुरवाचं जेवण. चांदण्या रात्रीसुद्धा शिअरवॉटर बेटावर यायला कचरतात.

या सरपटणाऱ्या पक्ष्याची दुसरी बाजू ऐका. शेजारच्या स्कोकहोम बेटावर रोनाल्ड लॉकली हे निसर्गअभ्यासक राहत होते. ब्रिटनमधलं पहिलं पक्षीनिरीक्षण केंद्र त्यांनी तिथे १९३३ साली सुरू केलं. शिअरवॉटर दूर नेऊन सोडायचे आणि घरी परत येतात का बघायचं, असे प्रयोग तिथे झाले. १९५२ साली स्कोकहोमचा एक पक्षी विमानानं अमेरिकेत बोस्टनला नेऊन सोडला. मधे अख्खा अटलांटिक महासागर, सुमारे ५,००० किलोमीटर. साडेबारा दिवसांत तो आपल्या बिळात हजर! आणि दर वर्षी उन्हाळा संपला की हेच पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे, थेट अर्जेंटिनाजवळच्या समुद्रापर्यंत जातात. पिल्लंही जातात, तीसुद्धा आईबापांशिवाय. आईबाप आधीच निघून गेलेले असतात. वाट दाखवायला कुणीही नसताना.

चला, द विक आलं.

इथे आधी वास येतो, मग आवाज, आणि शेवटी पक्षी. समुद्राची एक अरुंद पट्टी आत घुसलेली, आणि तिच्या पलीकडे उभा काळा कडा. कड्यावर पांढरे पट्टे दिसतात ती विष्ठा. आणि त्या पट्ट्यांवर ओळीनं उभे हजारो गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक. दुर्बीण काढा. ८ × ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची असेल तर झकास. १० पटीची हलत्या बोटीत फार थरथरते. आणि माझं ऐकाल तर सगळा कडा बघूच नका. एकच कंगोरा निवडा, त्यावरचे दहा-पंधरा पक्षी निवडा, आणि अर्धा तास तेवढंच बघा.

काय दिसेल? गिलेमॉट घरटं बांधतच नाही. काडी नाही, गवत नाही. उघड्या खडकावर एक अंडं, ते पायांवर घेऊन उभ्यानं उबवायचं. शेजारी इतका खेटून की खांद्याला खांदा. अंडं एका टोकाला निमुळतं असतं, आणि प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग नि नक्षी वेगळी: निळसर, हिरवट, पांढरं, कुणावर ठिपके तर कुणावर रेघोट्या. त्या गर्दीत आपलं अंडं ओळखायचं ते त्या नक्षीवरून. अंड्याचा आकार असा का, यावर बराच वाद झाला आहे. गोल फिरतं म्हणून कड्यावरून पडत नाही, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं. टिम बर्कहेड हे शास्त्रज्ञ १९७२ पासून स्कोमरवर गिलेमॉटचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या गटाचं म्हणणं असं, की या आकारामुळे अंडं उतरत्या खडकावर मुळात जास्त स्थिर बसतं, हललं तर मग काय होतं हा पुढचा प्रश्न. मला हे जास्त पटतं. समोर कडा बघितल्यावर तुम्हालाही पटेल, कारण सपाट जागा तिथे फारशी नाहीच.

भांडणं बघा. शेजाऱ्याला टोचतात, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच शेजाऱ्याची मान चोचीनं विंचरून देतात. एखाद्याच्या डोळ्याभोवती पांढरा चष्मा दिसेल. ती वेगळी जात नाही, गिलेमॉटचंच एक रूप आहे, उत्तरेकडे जावं तसं त्याचं प्रमाण वाढत जातं. आणि पिल्लू! जेमतेम तीन आठवड्यांचं, पंखांत उडण्याएवढं बळ नाही, तरी एका संध्याकाळी कड्यावरून खाली उडी टाकतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. आई नाही, बाप. पुढचे काही आठवडे समुद्रावर त्याला वाढवतो तो बापच.

आता वळा मागे. द विकची हीच पायवाट पफिनच्या बिळांमधून जाते, आणि पफिन तुमच्या बुटांजवळून वाट ओलांडतात. लांब लेन्स लागत नाही, मोबाइल पुरतो. उडताना टिपायचा असेल तर मात्र शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, पंख मिनिटाला ४०० वेळा हलतात.

चोचीत मासे ओळीनं आडवे धरलेले दिसतील, बहुतेक सँडईल. आधीचे न सांडता नवा मासा पकडतो कसा? जिभेवर आणि टाळ्याला मागे वळलेले काटे असतात. धरलेले मासे जीभ टाळ्याशी दाबून ठेवते, चोच पुन्हा उघडायला मोकळी. आणि ही रंगीत चोच फक्त उन्हाळ्यापुरती बरं का. हंगाम संपला की वरची रंगीत कवचं गळून पडतात, हिवाळ्यातला पफिन काळपट तोंडाचा असतो.

मासे घेऊन उतरलेला पफिन सहसा थांबत नाही, धूम बिळात शिरतो, कारण कुरव हिसकावून घ्यायला टपलेले असतात. तेव्हा एखादा पफिन तोंडात मासे घेऊन तुमच्यासमोर उभाच राहिला, इकडेतिकडे बघायला लागला, तर तो पोज देत नाहीये. तुम्ही त्याच्या दारात उभे आहात. फोटो राहू दे, चार पावलं सरका. पिल्लू आत उपाशी आहे.

बाकी किरकोळ सूचना. बेटाच्या मध्यावर जुनं शेतघर आहे, स्वच्छतागृह तिथेच. खायचं-प्यायचं स्वतःचं न्या. तिथून जाताना आकाशाकडे लक्ष असू द्या, दिवसाढवळ्या शॉर्ट-इअर्ड घुबड उडताना दिसू शकतं, ते स्कोमर व्होल शोधत असतं. उंदरासारखा हा छोटा प्राणी, त्याची ही उपजात फक्त याच बेटावर आहे. ड्रोन अजिबात नको. आणि बूट, विशेषतः तळवे, येण्याआधी घासून स्वच्छ करा. हे नाटक नाही. २०२२ साली बर्ड फ्लूनं ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांचे हाल केले. इथून दिसणाऱ्या ग्रासहोम बेटावरची गॅनेटची वसाहत एका वर्षात निम्म्याहून कमी झाली. इंग्लंडमधली फार्न बेटं तर पर्यटकांना उतरण्यासाठी २०२४ च्या वसंतापर्यंत बंद होती.

परतीच्या बोटीआधी अर्धा तास राखून नॉर्थ हेवनला या. सकाळी सोडून दिलेले पफिन आता निवांत बघा. दुपारनंतर खाडीच्या पाण्यावर त्यांचे थवेच्या थवे जमलेले असतात, आणि गर्दीही पांगलेली असते.

आणि शिअरवॉटर जिवंत बघायचाच असेल, तर एक दिवसाची सहल पुरणार नाही. जुन्या शेतघरात मोजक्या पाहुण्यांची राहायची सोय आहे. आरक्षण मिळणं कठीण, पण प्रयत्न करा. लाल प्रकाशाची विजेरी न्या, पांढऱ्या उजेडानं पक्षी बिथरतात. रात्री वाटेवर पाय जपून टाका, पक्षी अक्षरशः पायाशी येऊन आदळतात. आवाजाला घाबरू नका, घोगरं, गळा दाबल्यासारखं ओरडणं असतं, हजारो कंठांतून, जमिनीखालूनसुद्धा. आणि तारीख निवडताना हवामानाआधी पंचांग बघा: अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, पौर्णिमेची मुळीच नको.