हवा गाडीला कुठून ओढते?

(दृश्य : विंड टनेल. पंखा वेग घेतो.)

वारा समोरून येतोय, म्हणून नजर आधी गाडीच्या नाकाकडे जाते. ती जरा मागे न्या. मॉडेलवर लोकरीचे धागे चिकटवलेत. छपरावरचे अगदी सरळ आडवे पडलेत. शेपटाकडचे मात्र फडफडतायत, काही तर चक्क उलटे वळलेत. तिथे हवेनं पृष्ठभाग सोडलाय.

(दृश्य : जमिनीखालचा बॅलन्स)

मॉडेलला मागे रेटणारा हवेचा एकूण जोर म्हणजे ड्रॅग. तो हा बॅलन्स मोजतो. त्यावरून ड्रॅग गुणांक निघतो, म्हणजे या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा. माहितीपत्रकात तोच झळकतो. पण जोर नेमका कुठून आला, हे त्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. आणि आकार सुधारायचा तर तेच कळायला हवं.

(दृश्य : छिद्रं, नळ्यांचे जुडगे)

म्हणून ही बारीक छिद्रं. प्रत्येकामागे एक नळी, ती थेट दाबमापकापर्यंत. छिद्रावरचा दाब, त्याच्या वाट्याचं क्षेत्रफळ आणि त्या भागाचं तोंड कुठल्या दिशेला, असा एकेका छिद्राचा हिशेब होतो. मग बेरीज : नाकाची वेगळी, मागच्या उताराची वेगळी, शेवटच्या उभ्या भिंतीची वेगळी. या तिन्ही बॅलन्सच्या आकड्यातून वजा केल्या की उरतं ते हवेचं घर्षण. किचकट काम आहे. एक नळी तुंबली तरी बेरीज बिघडते.

(दृश्य : अहमद बॉडी)

1984 साली अहमद, राम आणि फाल्टिन यांनी अशीच फोड केली. 1044 मिलिमीटर लांबीचा साधा ठोकळा. चाकं नाहीत, आरसे नाहीत. नाक गोलसर, शेपूट बदलता येणारं. उत्तर आलं : ड्रॅगचा 85 टक्क्यांपर्यंतचा वाटा दाबाचा, आणि त्यातला बहुतेक मागच्या बाजूचा. नाकाचा वाटा अगदी थोडा!

(दृश्य : धूर)

ठोकळ्याचा मागचा उतार 30 अंशांचा. दोन्ही कडांवरून पीळ घेत निघालेले हे भोवरे बघा. ते हवेला उतारावर खाली खेचून धरतात, तिथला दाब पडतो आणि ड्रॅग शिगेला पोचतो. कोन जरासा वाढवला की भोवरे विस्कटतात आणि ड्रॅग एकदम उतरतो.

वेग दुप्पट झाला की हा ड्रॅग चौपट होतो. इंधन असो वा बॅटरी, भार तिच्यावरच.

(दृश्य : शेपूट बदलतात)

आता 35 अंश. पंखा पुन्हा सुरू.