फॉरमॅट मारायच्या आधी

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मोबाइलची बॅटरी खातं कोण?’ त्याकडे मी येणारच आहे. पण ते शोधायला आपण वीज मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम लावतो, आणि लिनक्सवर चालणाऱ्या फोनवर हा प्रोग्रॅम कधी कधी सुरू केल्या केल्याच कोसळतो. पडद्यावर दोन शब्द येतात, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, आणि खेळ खलास. मीटरच पडलं तर चोर सापडणार कसा? म्हणून आधी मीटरचं बोलू.

आणि त्याच्याही आधी एका सल्ल्याबद्दल. “फॉरमॅट मारा.” हा सल्ला आजवर ज्यांना मिळालेला नाही त्यांनी हात वर करा. बघा, सभागृहात एकही हात नाही!

दुकानात जा, हेल्पलाइनला फोन लावा, कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, तिसऱ्या वाक्याला हेच ऐकायला मिळतं. माझा याच्यावर मनापासून राग आहे. फॉरमॅटने दोष जाईलच असं नाही, पण दोषाचा पुरावा मात्र हमखास जातो. पिंपळगावकडचे एक बागायतदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या फोनमधलं फवारणीच्या नोंदींचं ॲप उघडेना. दुकान कुठलं ते सोडा, पण तिथल्या मुलाने फोन हातात घेतला आणि चहा संपायच्या आत कोरा करून परत दिला. दोन हंगामांच्या फवारण्या, कुठलं औषध, किती मात्रा, कुठल्या तारखेला, सगळं गेलं. निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची नोंद नसेल तर काय होतं, ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मी त्यांना विचारलं, “अण्णा, आधी काही सूचना येत होती का?” तर म्हणाले, “हो, आठवडाभर येत होती, जागा भरली म्हणून.” म्हणजे सुप्रभातचे व्हिडिओ पुसले असते तरी भागलं असतं. फोन आठवडाभर सांगत होता, पण कुणी त्याला विचारलंच नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी दुसरं काही शिकवलेलंच नाही. शिकवायला हवं होतं, आणि ते अवघड अजिबात नाही, हे सांगायलाच मी आज इथे उभा आहे.

आता मीटर. माझा भाचा दिंडोरीच्या बाजूला असतो. त्याने बागेत पाइनफोन ठेवलाय. चार कोअरची ऑलविनर ए-६४ चिप, सुमारे ३००० एमएएचची बॅटरी आणि आत अँड्रॉइड नाही, साधं लिनक्स. पोस्टमार्केटओएस म्हणतात ते. त्याला पानांवरचा ओलावा मोजणारा सेन्सर जोडलाय. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती असते आणि पान पहाटे किती वेळ ओलं राहिलं हे कळलं तर फवारणीचा निर्णय नीट घेता येतो. पण फोन पहाटेच्या आधीच मान टाकायचा. म्हणून त्याने वीज मोजणारा एक प्रोग्रॅम टाकला. प्रोग्रॅमचं नाव सांगत नाही. कुणीतरी नोकरी सांभाळून, फुकट लिहिलेली वस्तू आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. तो प्रोग्रॅम पडला. भाचा म्हणाला, “मामा, फोन नव्याने फ्लॅश करतो, सगळी सिस्टिम पुसून पुन्हा टाकतो.” म्हटलं, “अरे थांब! पडताना तो काय बोलला ते तरी ऐक.”

ऐकायचं कसं? पहिलं, एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा. प्रोग्रॅम संपला की त्याच शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एको डॉलर प्रश्नचिन्ह’ (echo $?) टाइप करा. १३९ आलं, तर त्यातून १२८ वजा करा. उरले ११. हा सिग्नलचा, म्हणजे प्रोग्रॅमला थांबवणाऱ्या इशाऱ्याचा क्रमांक. सिग्नल क्रमांक ११ म्हणजे स्वतःची नसलेली मेमरी वाचायला गेला. १३४ आलं तर ६, म्हणजे त्याने स्वतःच हाय खाऊन काम थांबवलं. १३२ आलं तर ४, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना मिळाली. दुसऱ्याच प्रोसेसरसाठी बांधलेलं पॅकेज टाकलं असेल. एका आकड्यात निम्मी दिशा कळते.

दुसरं, एसट्रेस. प्रोग्रॅम कर्नेलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय काय मागतो ते सगळं हे हत्यार ओळीने छापतं. आम्ही शेवटच्या ओळी पाहिल्या. प्रोग्रॅमने ‘सिस’च्या खाली ‘क्लास’, त्याच्या खाली ‘पॉवर सप्लाय’ आणि तिथे ‘बॅट झीरो’ नावाची डिरेक्टरी मागितली होती. लॅपटॉपच्या बॅटरीचं नाव बहुधा तेच असतं. कर्नेल म्हणालं, एनोएंट, अशी फाइल नाही. आणि लगेच खालच्या ओळीत सिग्नल ११. फोनवर बॅटरीचं नाव असतं एएक्सपी-२०-एक्स-बॅटरी, कारण तिथे वीज सांभाळणारी चिपच वेगळी. फाइल उघडली नाही, हातात काही आलं नाही, तरी प्रोग्रॅम त्या रिकाम्या हातातून वाचायला गेला आणि पडला. एका ओळीचा दोष! फोन फ्लॅश केला असता तर पुन्हा तेच झालं असतं.

नाव दुरुस्त केलं, तर पुढच्या पायरीवर पडला. त्याला हवी होती ‘पॉवर नाऊ’ ही फाइल. काही लॅपटॉप ती देतात, काही देत नाहीत. हा फोनही देत नाही, तो व्होल्टेज आणि करंट वेगवेगळे देतो. इथे भाच्याच्या एका मित्राने उपाय सुचवला, “फाइल नसेल तर शून्य धर ना!” धरलं. आता माझा मुद्दा नीट ऐका, कारण मी इतका वेळ याच्याचसाठी घेतोय.

उरलेली ऊर्जा भागिले वापर म्हणजे उरलेला वेळ. वापर शून्य धरला. शून्याने भागाकार! भाच्याच्या लॅपटॉपवर, जिथे प्रोसेसर एक्स-८६ जातीचा आहे, प्रोग्रॅम तिथल्या तिथे पडला, सिग्नल ८. फोनवर मात्र पडला नाही. कारण एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरवर पूर्णांकांच्या भागाकारात शून्याने भागलं तर तक्रार होत नाही, उत्तर गुपचूप शून्य येतं. फोनने सांगितलं, उरलेला वेळ ० मिनिटं. आणि पाच मिनिटांच्या खाली आलं की फोन बंद करायचा, अशी सोय भाच्याने करून ठेवली होती. जवळजवळ भरलेल्या बॅटरीवर फोन स्वतःहून झोपला. मघाशी प्रोग्रॅम पडत होता तेव्हा निदान काहीतरी बिघडलंय हे दिसत तरी होतं!

इथे अंबड-सातपूरचे पॅनेलवर काम करणारे लोक बसलेत. सीटीची, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची वायर निसटली आणि मीटरने शून्य अँपिअर दाखवले, तर तुम्ही लोडच नाही असं समजून पॅनेलमध्ये हात घालता का? नाही घालत. वाचन शून्य आहे की वाचन आलेलंच नाही, हे तुम्हाला अंगवळणी आहे. कर्नेललाही हा फरक कळतो. फाइलच नसेल तर तो चूक क्रमांक २ देतो, थोड्या वेळाने विचार म्हणायचं असेल तर ११ (मघाच्या सिग्नल ११ शी याचा संबंध नाही), परवानगी नसेल तर १३, फाइल आहे पण आकडा नाही तर ६१. इतक्या काळजीने तो ‘नाही’चे प्रकार वेगळे करून हातात देतो, आणि आपण त्या सगळ्यांचा एक गोळा करून शून्य लिहितो. हे मला सहन होत नाही. ‘माहीत नाही’ असं पडद्यावर छापायला दोन ओळी लागतात. त्या लिहाव्यात एवढंच माझं मागणं आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग पळत पळत सांगतो.

शेवटी आम्ही व्होल्टेज गुणिले करंट केलं. तिथेही सांभाळा. कर्नेल मायक्रोव्होल्ट आणि मायक्रोअँपिअर देतं. ३.८ व्होल्ट म्हणजे ३८ लाख, ०.३ अँपिअर म्हणजे ३ लाख. गुणाकार १ लाख १४ हजार कोटी, आणि ३२ बिटी पूर्णांकात मावतात जेमतेम २१४ कोटी. ६४ बिटी पूर्णांक घ्या. उत्तर येतं १.१४ वॅट.

आता बॅटरी खातं कोण? पडदा आणि मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, हे तर आहेतच, पण मोठा खाणारा म्हणजे प्रोसेसरला सारखं जागं करणारे प्रोग्रॅम. पूर्वी लिनक्स कर्नेल काही काम नसतानाही सेकंदाला शेकडो वेळा घड्याळाचा टिक द्यायला उठायचं. २००७ साली २.६.२१ आवृत्तीत ही सवय मोडायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप आणलं, कोण किती वेळा उठवतं ते दाखवणारं. तेव्हा कित्येक प्रोग्रॅम उघडे पडले. हे मोजताना चार्जर काढलेला असू द्या, नाहीतर बॅटरीतून किती जातंय ते कळणार नाही. आणि मीटर स्वतःच दर सेकंदाला वाचत असेल, तर तेही उठवणाऱ्यांच्याच यादीत येतं.

भाच्याच्या फोनवर दोन चोर निघाले. सेन्सर दर सेकंदाला वाचणारी त्याची स्वतःची स्क्रिप्ट, आणि बागेत रेंज शोधत बसलेला मोडेम. स्क्रिप्ट दर पाच मिनिटांवर आणली. पाइनफोनच्या मागच्या झाकणाखाली सहा बारीक बटणं आहेत, त्यातलं पहिलं मोडेमचं, ते बंद केलं. आता फोन उजाडेपर्यंत टिकतो आणि पहाटेच्या ओलाव्याची नोंद मिळते.

राहिली तक्रार कशी कळवायची ते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला “चालत नाही” एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, कर्नेलची आवृत्ती, एक्झिट कोड आणि एसट्रेसच्या शेवटच्या वीस ओळी पाठवा. शक्य असेल तर डीबगची चिन्हं, म्हणजे मूळ कोडमधली नावं आणि ओळी, असलेलं पॅकेज टाकून जीडीबी या दोष शोधायच्या हत्यारात चालवा, पडल्यावर ‘बीटी’ लिहा, जे येईल ते जोडा. दोष कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत आहे ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं. भाच्याने हे सगळं पाठवलं आणि सोबत स्वतःची दुरुस्तीही जोडली, शून्याच्या जागी ‘माहीत नाही’ छापणारी. ज्यांना एसट्रेस प्रत्यक्ष चालवून बघायचंय त्यांनी थांबा, मी लॅपटॉप आणलाय.