छेदात कोण आहे? सामाजिक संरक्षणाच्या आकडेवारीतली इंटर्नशिप

[दृश्य: जगाचा नकाशा. देशांवर एकेक टक्केवारी उमटत जाते.]

2023 साली जगातल्या 52.4 टक्के लोकांना सामाजिक संरक्षणाच्या किमान एका तरी लाभाचं कवच होतं. 2015 मध्ये हे प्रमाण 42.8 टक्के होतं. हे आकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या अहवालातले. शाश्वत विकास उद्दिष्टांमधला 1.3.1 हा निर्देशक नेमकं हेच मोजतो.

जगाचा असा एक आकडा उभा राहतो तो देशादेशांतून आलेल्या तक्त्यांवर. पेन्शन घेणारे किती, वर्गणी भरणारे किती, बेकारी भत्ता किती जणांना मिळाला, प्रसूती लाभ किती जणींना मिळाला. प्रत्येक तक्ता कुणीतरी उघडतं, तपासतं, प्रश्न विचारून परत पाठवतं. या टेबलाशी बऱ्याचदा एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी बसलेला असतो, अर्थशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातला, 3 ते 6 महिन्यांच्या इंटर्नशिपवर आलेला.

कामाची पहिली पायरी वाचनाची असते, आणि ती टाळून चालत नाही. आयएलओचा 1952 सालचा 102 क्रमांकाचा करार सामाजिक सुरक्षेच्या नऊ शाखा सांगतो: वैद्यकीय सेवा, आजारपण, बेकारी, वार्धक्य, कामावरची इजा, कुटुंब, प्रसूती, अपंगत्व आणि कमावत्याच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांचा आधार. 2012 ची 202 क्रमांकाची शिफारस त्याखाली एक किमान पाया घालते: अत्यावश्यक आरोग्यसेवा, आणि बालपण, कमावतं वय व म्हातारपण या तिन्ही टप्प्यांवर उत्पन्नाची किमान हमी. तक्त्यातला प्रत्येक रकाना यांतल्या कुठल्या तरी शाखेत बसवावा लागतो. ‘विधवा निवृत्तिवेतन’ असं नाव असलेली योजना वार्धक्यात धरायची की वारसांच्या लाभात, हे नावावरून ठरत नाही. लाभ कोणत्या कारणासाठी मिळतो, ते योजनेच्या नियमांत पाहावं लागतं.

म्हणून चांगल्या विभागात इंटर्नच्या स्क्रीनवर एका बाजूला आकड्यांची फाइल असते, तर दुसऱ्या बाजूला त्या देशाचा कायदा. कायद्याने ज्यांना हक्क दिला ते वेगळे आणि ज्यांच्या हातात खरोखर काही पडतं ते वेगळे. पहिलं कायदेशीर कवच, दुसरं प्रत्यक्ष कवच. शेतमजुरांना कायद्याने पेन्शन योजनेत घेतलेलं असतं आणि वर्गणी भरणाऱ्यांच्या यादीत मात्र ते जवळजवळ नसतात, असं कितीतरी देशांत दिसतं.

[दृश्य: आकड्यांची फाइल. एका चौकोनावर कर्सर थांबतो: 107.5.]

आता हा आकडा पाहा. समजा, एका देशाने कळवलं की वार्धक्य पेन्शन घेणारे 8,60,000 लोक आहेत. लोकसंख्येच्या अंदाजात 65 वर्षांवरचे लोक 8,00,000. भागाकार केला तर कवच 107.5 टक्के. इथे घाईत एक चूक नेहमी होते. आकडा 100 वर कापून पुढे जायचं. हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण बिघाड तसाच राहतो आणि दिसेनासा मात्र होतो.

अशा वेळी आधी छेद तपासायचा. त्या देशात स्त्रियांचं पेन्शनचं वय 60 आणि पुरुषांचं 65 असेल, तर छेदात 60 वर्षांवरच्या स्त्रिया आणि 65 वर्षांवरचे पुरुष हवेत. तो छेद समजा 9,80,000 निघाला, की कवच 87.8 टक्क्यांवर येतं. म्हणजे ‘सगळ्यांना मिळतं, शिवाय वर थोडे जास्तच’ या चित्राच्या जागी ‘आठातल्या एकाला मिळत नाही’ हे चित्र उभं राहतं.

छेद बरोबर असूनही प्रमाण शंभरापुढे जात असेल, तर अंशाकडे वळायचं. एकाच व्यक्तीला स्वतःची पेन्शन आणि जोडीदाराच्या मागे मिळणारी पेन्शन दोन वेगळ्या नोंदवह्यांतून मिळत असेल, तर ती दोनदा मोजली जाते. मृत्यूची नोंद पेन्शन कार्यालयापर्यंत पोचलेली नसते. काही पेन्शनर परदेशात स्थायिक झालेले असतात. ते अंशात असतात, छेदात नसतात. मुदतीआधी निवृत्त झालेले 58 वर्षांचे लोकही यादीत असतात. यांतलं काय घडलंय हे ओळखायला एकच गोष्ट मागवावी लागते: लाभार्थ्यांची वय आणि लिंगानुसार फोड. ती मिळाली तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

बेरजेचा मोह हा दुसरा सापळा. पेन्शनवाले, बालभत्तेवाले, वर्गणीदार असे सगळे रकाने बेरजेला लावून लोकसंख्येने भागलं की देखणा आकडा मिळतो आणि तो खोटा असतो. 1.3.1 मधल्या एकत्रित कवचात अशी व्यक्ती धरतात जिला किमान एक रोख लाभ मिळतो किंवा जी किमान एका योजनेत सध्या वर्गणी भरते. व्यक्ती एकदाच मोजायची, योजना कितीही असोत. आरोग्यविम्याचं कार्ड या बेरजेत येत नाही. कार्डधारक मिसळले की लहानशा देशाचं कवच एका रात्रीत दुप्पट झालेलं दिसतं.

[दृश्य: पाहणीची प्रश्नावली, मग कोडच्या ओळी.]

नोंदवह्या योजनांची बाजू सांगतात. घरांची बाजू कळते कौटुंबिक नमुना पाहणीतून. इथे वर्गात शिकलेलं संख्याशास्त्र पहिल्यांदा कामाला लागतं, आणि पहिल्यांदा घसरतंही.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. पाहणीत प्रश्न असतो: ‘गेल्या 12 महिन्यांत अमुक लाभ मिळाला का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर रकमेचा प्रश्न वगळला जातो आणि तो रकाना रिकामा राहतो. इंटर्न स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो: रक्कम शून्यापेक्षा जास्त असेल, तर लाभार्थी धरा. स्टाटात रिकामी किंमत कुठल्याही संख्येपेक्षा मोठी मानली जाते. त्यामुळे ज्यांना काहीच मिळालं नाही ती सगळी माणसं लाभार्थी ठरतात. कवच 100 टक्के आलं तर कुणीही थांबेल. पण आधी काही रिकाम्या जागी शून्य भरलेलं असेल, तर कवच 100 ऐवजी 63 वगैरे दिसतं, आणि ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. आर ही याच कामाची दुसरी संगणकभाषा वापरणाऱ्यांना हा धोका नाही, तिथे रिकाम्या किमतीशी तुलना केली की उत्तरही रिकामंच येतं. मात्र सरासरी काढताना रिकाम्या किमती वगळण्याचा पर्याय डोळे मिटून लावला, की तीच माणसं छेदातूनही गायब होतात. उपाय साधा आहे: प्रत्येक नवा चल, म्हणजे फाइलीतला नवा रकाना, बनवल्यावर रिकाम्या किमतींसकट त्याचा तक्ता काढायचा आणि एकूण संख्या मूळ फाइलशी जुळते का ते पाहायचं.

दुसरी घसरण भारांची. पाहणीतलं प्रत्येक घर बाहेरच्या अनेक घरांच्या वतीने बोलत असतं. तो त्याचा भार. दोन घरं घ्या, दोन्हींचा भार 500. पहिल्या घरात 2 माणसं, गरीब नाहीत. दुसऱ्यात 8 माणसं, गरीब. घरं मोजली तर गरिबी 50 टक्के. माणसं मोजली तर 80. लोकांचं प्रमाण हवं असेल, तर घराच्या भाराला घरातल्या माणसांच्या संख्येने गुणावं लागतं. गरीब घरं बहुधा मोठी असतात, म्हणून ही चूक बहुतेक वेळा एकाच दिशेला झुकते: गरिबी कमी दाखवते.

आणि लाभार्थी म्हणजे नेमका कोण? आजीच्या नावावर पेन्शन येते, घरात सहा जण. वर्ल्ड बँकेच्या ॲस्पायर या सामाजिक संरक्षणाच्या आकडेवारीच्या संग्रहात लाभार्थी घरातली सगळी माणसं, थेट आणि अप्रत्यक्ष, कवचात धरतात. आयएलओच्या निर्देशकात व्यक्ती मोजतात. एकाच देशाच्या एकाच योजनेचे म्हणूनच दोन आकडे दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. ते शेजारी ठेवून ‘प्रगती’ दाखवणं मात्र साफ चूक.

[दृश्य: कागदावर हाताने केलेला गुणाकार.]

आता अर्थशास्त्राची बाजू. मंत्रालयाकडून प्रश्न येतो: सर्व वृद्धांना पेन्शन दिली तर किती खर्च येईल? मोठं मॉडेल उघडण्याआधी एक गुणाकार करायचा. 65 वर्षांवरचे लोक लोकसंख्येच्या 6 टक्के. पेन्शन दरडोई जीडीपीच्या 15 टक्के. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जीडीपीच्या 0.9 टक्के. वाटपाचा खर्च लाभाच्या 5 टक्के धरला तर एकूण 0.945. मॉडेलचं उत्तर याच्या जवळपास आलं नाही, तर चूक बहुतेक वेळा मॉडेलच्या फाइलीत असते.

पण खरं शिक्षण पुढच्या 20 वर्षांच्या अंदाजात होतं. वृद्धांचं प्रमाण 6 वरून 10 टक्क्यांवर जातं, म्हणजे खर्च वाढायला हवा. पेन्शन फक्त महागाईशी जोडलेली असेल आणि दरडोई उत्पन्न महागाई वजा करून वर्षाला 3 टक्क्यांनी वाढत असेल, तर 20 वर्षांत उत्पन्न 1.8 पट होतं आणि पेन्शन दरडोई जीडीपीच्या 15 वरून 8.3 टक्क्यांवर घसरते. 10 गुणिले 8.3, म्हणजे लाभांचा खर्च 0.83 टक्के, आजच्या 0.9 पेक्षाही कमी. आलेखात योजना अगदी परवडणारी दिसते. ती परवडते, कारण म्हातारी माणसं बाकीच्या समाजाच्या मागे पडत गेलेली असतात. खर्चाच्या रेषेखाली लाभाच्या पातळीची रेषा काढल्याशिवाय असा आलेख कुणाला पाठवू नये.

गरिबांनाच लाभ द्यायच्या योजनांत दोन टक्केवाऱ्या हमखास गोंधळतात. 100 घरांत 20 पात्र. योजनेने 30 घरं निवडली, त्यांतली 15 खरी पात्र. पात्र असून राहिलेली 5, म्हणजे 20 पैकी 25 टक्के. अपात्र असून आलेली 15, म्हणजे 30 पैकी 50 टक्के. छेद वेगळे, म्हणून या दोन टक्क्यांची आपसांत तुलना करता येत नाही. कुठली चूक जास्त जाचते हे गणित सांगत नाही. उपाशी राहिलेलं पात्र घर अहवालात पहिल्या ओळीत यावं, असं आमचं ठाम मत आहे.

[दृश्य: अर्जाची स्क्रीन.]

अर्जाबद्दल थोडक्यात. ‘मला सामाजिक न्यायाची आवड आहे’ हे प्रत्येक पत्रात असतं. त्याऐवजी एक काम करून दाखवा: वर्ल्ड बँकेच्या मायक्रोडेटा लायब्ररीतून, म्हणजे पाहण्यांच्या मूळ आकडेवारीच्या ऑनलाइन संग्रहातून, एखादी सार्वजनिक पाहणी घ्या, तिच्या अधिकृत अहवालातला एक आकडा स्वतःच्या कोडने काढा, आणि दशांश जुळला नाही तर का जुळला नाही ते दोन पानांत लिहा. निवडीच्या परीक्षेत बहुधा हेच विचारतात, फक्त वेळ मोजून.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. डेटा हातात आहे की परवानगी यायची आहे? 3 महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये परवानगीलाच महिना गेला, तर शेवटी आधीच्या संशोधनाचा नुसता आढावा लिहून निघावं लागतं. कोड कोण तपासणार? मानधन किती? आयएलओ इंटर्नना मानधन देते, संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप विनावेतन असते. राहण्याचा खर्च झेपणार नसेल, तर हे आधी कळलेलं बरं.

रुजू झाल्यावर डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायचा नाही, नावं नसली तरीही. छोट्या गावातली एकमेव 90 वर्षांची पेन्शनर वय आणि गावावरूनच ओळखू येते. म्हणून बाहेर जाणाऱ्या तक्त्यांत अगदी लहान संख्येचे चौकोन झाकतात. मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही. प्रत्येक बदल कोडमधूनच. एक्सेलमध्ये फाइल उघडून जतन केली की ‘01’ हा प्रदेश-कोड ‘1’ होतो आणि पुढे दोन फाइली जोडताना पहिल्या नऊ प्रदेशांची सगळी घरं गळून पडतात.

शेवटचे दोन आठवडे नव्या विश्लेषणाला देऊ नका. कोड दुसऱ्याच्या संगणकावर पहिल्या ओळीपासून चालवून पाहा. कोडमध्ये कुठेतरी आपल्याच संगणकावरच्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला सापडतोच. प्रत्येक आकड्यासमोर चार गोष्टी नोंदवा: अंश, छेद, वर्ष, स्रोत. ज्या देशांकडून उत्तर यायचं बाकी आहे त्यांना विचारलेले प्रश्न तारखेसह वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे पुढच्या इंटर्नला जाण्याआधी समोर बसून दाखवा.