वाट्याला आलेलं

खळ्यावर ज्वारीची रास पडली आहे. पूर्वी ही रास घरी जायच्या आधीच तिचे वाटे पडायचे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग... वर्षभर गावाचं काम केलेल्यांचं बलुतं इथंच मापलं जाई. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी ठरलेल्या, आणि ओळीप्रमाणे माप. सुपात किती पडतंय, यावर त्या घराचं वर्ष निघायचं.

नशीब या शब्दाचा अर्थ असा खळ्यावर सापडतो. मूळ अरबी 'नसीब' म्हणजे वाटा, हिस्सा. किस्मतही तिकडचीच, तीही वाटणीवरूनच आलेली. आणि संस्कृतातल्या भाग्याच्या पोटात तर 'भाग' सरळ दिसतो. एवढ्या लांबलांबच्या भाषा, पण दैव म्हटल्यावर दोन्हींकडे वाटणीच आठवली! 'माझ्या वाट्याला हेच आलं,' असं आपण शेताच्या तुकड्याबद्दल बोलतो, तसंच आयुष्याबद्दलही.

बाळाच्या पाचवीला उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते, कपाळी लिहून जाते. काय लिहिलं, ते आईलाही वाचता येत नाही.

लक्ष्मीचंही नातं अशा खुणेशीच. या शब्दाचा जुना अर्थ खूण, लक्षण. अथर्ववेदात वाईट लक्ष्मीला घालवून देणारं सूक्तसुद्धा आहे. धनदौलत तिला नंतर चिकटली.

आज आश्विन अमावास्या. घरोघरी नवी केरसुणी आली आहे. तिला हळदकुंकू वाहायचं, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, कारण हीच लक्ष्मी.

ही लक्ष्मी घडते शिंदीच्या पानांतून. बुडाशी सुईसारखे काटे. ती तोडायची, वाळवायची, पात्या सारख्या करायच्या, मूठ आवळून बांधायची. पिढ्यान्‌पिढ्या हे काम मातंग समाजानं केलं. ज्यांच्या हातची केरसुणी देव्हाऱ्यापुढे पुजली, त्यांना त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं गेलं. याला मी नशीब म्हणणार नाही. माप धरणारा हात माणसाचाच होता.

बाजारात केरसुण्यांचा ढीग लागला आहे. विकणारी बाई एक उचलते, मूठ दाबून बघते. सैल लागते. ती बाजूला ठेवते आणि गिऱ्हाइकाच्या हातात दुसरी, घट्ट बांधलेली देते.