घोडेस्वाराचा कोट कुठल्या रंगाचा?

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळा छंद घेऊन आलोय, बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचा, आणि त्यातही घोड्यावरचे. ठाण्यात, ऐरोलीत, वाशी-नेरूळला असे लोक सापडतात बरं का, दिवसभर ऑफिस आणि रात्री डायनिंग टेबलवर पेपर पसरून, डोळ्यांत तेल घालून, तीन शून्यांचा ब्रश हातात. आणि नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मराठा घोडेस्वाराच्या युनिफॉर्मला कुठली बाटली घेऊ?

कुठलीच घेऊ नका. युनिफॉर्मच नव्हता हो!

म्हणजे बघा, आपल्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळायचा, शिलेदार मात्र घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, कपडे पण घरचेच घालून यायचा, आता त्याला कोण सांगणार की बाबा तू निळाच घाल म्हणून. आणि बारगिरालासुद्धा सरकारातून घोडा मिळाला म्हणून सगळ्यांना एका ठाणातला अंगरखा शिवून दिला असं काही नाही. सिरियलमध्ये शंभर जण एकसारख्या भगव्या कपड्यात दौडतात ना, ते ड्रेसवाल्याच्या सोयीसाठी, ते बघून रंगवायला बसू नका. भगवा झेंड्यावर द्या, जरीपटक्यावर सोनेरी द्या, तिथे तो शोभतो.

मग रंगवायचं काय? तर रंगाऱ्याकडे काय होतं ते बघायचं. निळ्यासाठी नीळ, लालसाठी मंजिष्ठा किंवा आल, पिवळ्याला हळद, गुलाबी-केशरीला कुसुंबा. यातली नीळ टिकते, मंजिष्ठाही बऱ्यापैकी टिकते, पण हळद उन्हात उडते आणि कुसुंबा धुण्यात जातो, त्यामुळे चार महिने मुलुखगिरीवर असलेल्या स्वाराच्या अंगावर कडक पिवळा दिला की तो लगेच खोटा वाटतो. बहुतेकांचं कापड साधं सुती, न रंगवलेलं, ते ट्यूबमधल्या पांढऱ्याने नाही करायचं, त्यात थेंबभर ब्राऊन आणि जरासा पिवळा टाका. रंगाची हौस पागोट्यावर आणि कमरेच्या शेल्यावर भागवा. किनखाब, जर वगैरे फक्त सरदाराला. मी तर दहा स्वार एकत्र रंगवताना मुद्दाम दोन अंगरखे एकसारखे होऊ देत नाही, वेळ फार जातो पण तुकडी खरी दिसते.

आणि ज्याला चित्रातून पुरावा हवा असेल त्याने त्या काळात छावणीत बसून काढलेली चित्रं शोधावीत. 1809 साली एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता, त्याची पत्रं 1813 मध्ये छापून आली, त्यातली रंगीत चित्रं इथल्याच एका चित्रकाराच्या हातची आहेत. स्कॅन नेटवर फुकट मिळतात. असलं काही सापडलं की मला लॉटरी लागल्याचा आनंद होतो, घरच्यांना तो कळत नाही ते सोडा.

आता घोडा. मंडळी, अर्धं मॉडेल तर घोडाच असतो आणि लोक त्याला एक चॉकलेटी हात मारून मोकळे होतात! आपल्याकडे घोड्याच्या रंगांची केवढी नावं आहेत, कुमाईत, सब्जा म्हणजे करडा, अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे डाग असलेला, आणि चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी. कुमाईत करताना अंग तांबूस तपकिरी पण आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे. करडा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो, त्यामुळे तरुण घोड्याला गडद ठिपके द्या, म्हाताऱ्याला जवळपास पांढरा करा. आपल्या घोडबंदरला पूर्वी अरबी घोडे उतरायचे असं सांगतात, आता तिथे उतरतो तो फक्त ट्रॅफिक, पण दख्खनचा भीमथडी घोडा आणि अरबी घोडा यांची ठेवण वेगळी, बाजारात मिळणारे मॉडेलचे घोडे बहुतेक युरोपियन बांध्याचे असतात, त्यामुळे निदान आपल्या स्वाराला त्यातल्या त्यात लहान चणीचा निवडा.

बरं, ज्यांना युनिफॉर्मच हवाय त्यांच्यासाठी स्किनर्स हॉर्स ही इंग्रजांकडची घोडदळाची रेजिमेंट. जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता, 1803 मध्ये इंग्रजांशी लढाई सुरू झाल्यावर तो तिकडून बाहेर पडला आणि त्याच साली त्याचं घोडदळ उभं राहिलं, पिवळ्या कोटाचं. पिवळाधम्मक. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही या रेजिमेंटचा दरबारी कोट पिवळा आणि कॉलर-कफ काळे, त्यामुळे शेल्फवर ही तुकडी उठून दिसते आणि म्हणूनच सगळ्यांना हीच करायची असते.

पण इथे गंमत आहे. एखादा हुशार माणूस म्हणतो मी पुस्तकावर नाही, अस्सल जुन्या फोटोवरच विश्वास ठेवणार, आणि फोटो काढून बघतो तर कोट काळपट! कारण जुन्या काचेच्या प्लेटवरचं रसायन निळ्या उजेडालाच दाद द्यायचं, पिवळा आणि लाल त्याला जवळपास दिसायचेच नाहीत, म्हणून पिवळा कोट फोटोत गडद येतो आणि फिकट निळा कोट चक्क पांढरा वाटतो. 1873 मध्ये फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटमध्ये डाय मिसळून यावर उपाय काढायला सुरुवात केली, तरी लाल रंगाचा घोळ पुढे बरीच वर्षं चालूच होता. आणि हाताने रंग भरलेली पोस्टकार्डं तर विचारूच नका, रंग भरणाऱ्याने तो घोडेस्वार जन्मात पाहिलेला असेलच असं नाही. फोटोवरून कट बघा, बटणं, पट्टे, खोगीर बघा, रंग नको.

मोठमोठ्या पेंटिंगचंही तसंच. वॉटर्लूच्या लढाईतल्या स्कॉट्स ग्रेज घोडदळाचं, करड्या घोड्यांचा लोंढा अंगावर येतोय असं लेडी बटलरचं एक प्रसिद्ध चित्र आहे, ते 1881 चं, म्हणजे लढाईनंतर 66 वर्षांनी काढलेलं. त्यात अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या झोकात दिसतात, प्रत्यक्ष लढाईत त्यावर काळी मेणकापडी खोळ होती. चित्र म्हणून जबरदस्त, मलाही आवडतं, पण त्यावरून टोपी नका रंगवू.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी तारीख ठरवा मग रंग विचारा. उदाहरण आपल्या पूना हॉर्सचं घ्या. उभं राहिलं 1817 मध्ये, 1900 च्या आसपासचा त्यांचा परेडचा पोशाख गडद निळा आणि कॉलर-कफ फिकट निळसर राखाडी, आणि 1914 मध्ये हेच लोक फ्रान्सला गेले ते खाकीत. तीन तारखा, तीन वेगळी मॉडेल्स. पहिल्या महायुद्धातल्या, आताच्या इस्रायलमधल्या हैफाच्या लढाईचंही तेच, 23 सप्टेंबर 1918, जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्स म्हणजे भालेवाले घोडेस्वार, लढाई एवढी देखणी की लोकांना मोह होतो त्यांना दरबारी रंगात रंगवायचा, पण होते ते खाकीत, धुळीने भरलेले. खाकी कंटाळवाणा वाटतो ना? वाटू दे, दर माणसाला थोडा वेगळा खाकी द्या, कुणाचा धुऊन धुऊन फिकटलेला, कुणाचा नवा, मग बघा.

इंग्रजांच्या लाल कोटवाल्यांसाठी एवढंच, साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठेचा, विटकरीकडे झुकणारा, आणि अधिकाऱ्याचा कोचिनिअल किड्यापासून काढलेला, झगझगीत. एकाच बाटलीतून दोघांना रंगवलं तर हुद्दा कळत नाही. म्युझियममध्ये खरा कोट बघायला मिळालाच तर छातीवरचा रंग बघू नका, तो उडालेला असतो, कॉलर जरा उघडी असेल तर आतली बाजू बघा, आणि शोकेसमधला बल्ब पिवळा आहे का तेही बघा.

आणि जे काही सापडेल ते तसंच्या तसं ब्रशवर घ्यायचं नाही. 28 एमएमच्या माणसावर खरा गडद निळा दिला की हातभर अंतरावरून तो काळा ठोकळा दिसतो, म्हणून निळा एक-दोन शेड फिकट घ्या, घड्यांमध्ये गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, सोडा आणि कडांवर अजून फिकट रेघ ओढा. इंपोर्टेड रंगांचे भाव बघून घाबरू नका, आपले शाळेतले ॲक्रिलिक चालतात, फक्त पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. प्रायमर मात्र चांगला घ्या.

राहिला पाऊस. जुलैमध्ये आपल्याकडे हवेत नुसतं पाणी असतं, त्यात स्प्रेचं मॅट वार्निश मारलं की वर पांढरट धुकं धरतं आणि महिन्याभराच्या मेहनतीवर साय चढल्यासारखी होते, तेव्हा एकतर ब्रशने वार्निश लावा नाहीतर सगळी पलटण रंगवून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि स्प्रे काढा दसऱ्यानंतर.